राखेचं मैदान आणि पाचचा भोंगा

आमच्या क्लबात गोलकीपरला शिवी द्यायची झाली तर कुणाच्या आईबहिणीपर्यंत जायची गरज पडत नसे. नुसतं 'गव्हाण' म्हटलं की काम भागायचं. साखर कारखान्यात गव्हाण म्हणजे ऊस आत टाकायची जागा. तिच्यात येईल ते आत जातं, अडत काहीच नाही. ही शिवी मी भरपूर खाल्ली आहे, कारण बरीच वर्षं गोलात मीच उभा असायचो.

बीड जिल्ह्यात फुटबॉल म्हटलं की लोक आधी हसतात. हसा. आमचा जिल्हा ऊस तोडायला माणसं पाठवतो, पुढारी पाठवतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही फुटबॉलही खेळत होतो, हे कुणी विचारलंच नाही म्हणून कुणाला माहीत नाही. कोणत्याही लीगमध्ये आमचं नाव नव्हतं. जिल्ह्यात लीगच नव्हती तर नाव येणार कुठून? कप एकही नाही. कपाट होतं, कारखान्याच्या सुतारानं हौसेनं करून दिलेलं, त्यात आम्ही बुटांना लावायचं ग्रीस ठेवायचो.

माझं नाव मन्मथ, लोक मन्मथअप्पा म्हणतात. घर घाटनांदूरचं, धंदा किराण्याचा. आजोबांच्या हातात तराजू, वडिलांच्या हातात तराजू, आणि मी जाऊन उभा राहिलो साखर कारखान्याच्या बॉयलरपुढे. वडील म्हणाले होते, "दुकानात बसायला गादी हाय, डोक्यावर पंखा हाय, अन् तू भट्टीपुढं कावून उभा राहायलास बे?"  आमच्या घरी सकाळी अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावतात. मी लावून जायचो आणि संध्याकाळी सगळ्या अंगाला राख लावून परत यायचो. वडील म्हणायचे, "ह्यो लई मोठा भक्त निघाला."

कारखान्याचं नाव लिहीत नाही. सहकारी होता एवढं पुरे. नाव लिहिलं की आमच्याकडे लोक पहिल्यांदा विचारतात तो कुणाच्या गटाचा, आणि मग फुटबॉल राहतो बाजूला.

बॉयलरवाल्याचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. ऊस पिळून जो भुसा उरतो, त्याला आम्ही बगॅस म्हणतो. तो भट्टीत जळतो, वर पाण्याची वाफ होते, त्या वाफेवर अख्खा कारखाना चालतो. वाफ गेली की मिल थांबली, रस थांबला, सगळे साहेब धावत आपल्याकडे. बॉयलरच्या तोंडावर एक काचेची उभी नळी असते, तिला गेज ग्लास म्हणतात. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी खाली गेलं की नळ्या जळतात, आणि फारच खाली गेलं तर बॉयलर फुटतो. म्हणून बॉयलरवाल्यानं दिवसभर त्या काचेकडे बघत राहायचं. गोलकीपरचं काम याहून वेगळं नाही. काही होऊ नये म्हणून उभं राहायचं. काही झालं नाही तर तुमचं नाव कुणी घेत नाही, आणि झालं तर सगळ्यांच्या तोंडी फक्त तुमचंच नाव.

भोंगा वाजवणंही आमच्याकडेच. वाफेचा पितळी भोंगा, साखळी ओढली की पाच कोसांवर ऐकू जायचा. आसपासच्या गावांतली जनावरं त्याच्यावर घरी परतायची. पाचच्या भोंग्याला जनरल शिफ्ट सुटायची. भोंगा झाला की माणूस जिथे असेल तिथे थांबायचा. हातातला पाना खाली, अर्धवट फिरवलेला नट तसाच. वर्षानुवर्षं हे झालं की ते डोक्यात राहत नाही, हातापायात जातं.

थांबत नाही तो फक्त बॉयलरवाला. आपली शिफ्ट संपल्याचा भोंगा आपणच वाजवायचा आणि तिथंच उभं राहायचं. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, येणार, काचेपुढे उभा राहणार, पाणी बघणार, प्रेशर बघणार आणि मोठ्यानं म्हणणार, "घेतलं." तो शब्द कानावर आला की मगच आपण मोकळे. रिलीव्हरच्या घरी लग्न असो की मयत, 'घेतलं' ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. एकदा माझा रिलीव्हर दारातूनच "घेतलं, घेतलं" म्हणत आला. मी गेलो नाही. म्हटलं, आधी काचेत बघ, मग म्हण. तो चिडला, पण बघून म्हणाला. हा शब्द पुढे येणार आहे म्हणून आधी सांगून ठेवला.

फुटबॉल आणला तो दिनकर मिस्त्रीनं. हा कोल्हापूरचा. आमच्याकडे कारखाना नवा होता तेव्हा जाणती माणसं तिकडूनच यायची. हा मिल फिटर होता, आणि येताना ट्रंकेत कपडे कमी आणि चामड्याचा एक फुटबॉल घेऊन आला होता. पहिल्याच सुट्टीत त्यानं तो कॉलनीच्या अंगणात टाकला. आम्ही सगळे गोल करून बघत उभे. कुणी पाय लावेना. तो ओरडला, "अरं मर्दानो, नागीण हाय व्हय ती? मारा की लाथ!" मग लिंबाजीनं लाथ मारली. लिंबाजी हा ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरचा कामगार, बैलासारखा माणूस. चेंडू जो गेला तो थेट चीफ केमिस्टच्या खिडकीतून आत. अशा रीतीनं आमचा क्लब सुरू झाला.

मैदान म्हणजे गाडीतळ. हंगामात तिथे उसाच्या बैलगाड्या उभ्या राहायच्या. आमची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात बुटाला शेर शेर चिकटणार, उन्हाळ्यात अशा भेगा पडणार की घोट्यापर्यंत पाय आत. पहिल्या वर्षी आमच्या तीन माणसांचे पाय मुरगळले आणि कारखान्यानं खेळावर बंदी घालायचं काढलं. तेव्हा दिनकर मिस्त्री माझ्याकडे बॉयलरवर आला. म्हणाला, "अप्पा, तुझ्या भट्टीची राख कुठं टाकता रं?"

राख टाकायचो कुठे? ढीग घालायचो ओढ्याकाठी. बगॅसची राख हलकी, भुरी. त्या उन्हाळ्यापासून हंगाम संपला की आम्ही राखेच्या गाड्या भरून मैदानावर न्यायला लागलो. भेगांत राख भरायची, पाणी मारायचं, वरून रोलर फिरवायचा. दर वर्षी. बब्बू, म्हणजे आमचा सेंटर फॉरवर्ड, वर्कशॉपमधला वेल्डर, त्यानं जुन्या पाइपचा रोलर करून दिला. रेषा मारायला रस साफ करायच्या विभागातला चुना. राख माझी, चुना कारखान्याचा, घाम सगळ्यांचा. काही वर्षांत ते मैदान असं झालं की पावसानंतर पाणी थांबायचं नाही आणि उन्हात भेग पडायची नाही. जिल्ह्यात तसं दुसरं दाखवा. कुणा साहेबानं नकाशा काढला नव्हता, कुणा पुढाऱ्यानं नारळ फोडला नव्हता.

नारळ फुटायचा तो खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे, करवती ओळीनं मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं. त्या ओळीत दिनकर मिस्त्रीनं फुटबॉल ठेवला. ऑफिसातल्या कुणीतरी नाक मुरडलं, की हे काय हत्यार आहे का? बब्बू म्हणाला, "साहेब, आमचा खेळ बघा एकदा. समोरचे लोक हत्यारच म्हणतेत." त्यात खोटं काही नव्हतं. तो खेळायचा कारखान्याचे सेफ्टी शूज घालून, ज्यांच्या टोकात लोखंड असतं. समोरच्या संघांनी हरकत घेतल्यावर त्यानं ते काढले आणि अनवाणी खेळला, पण नवे बूट घेतले नाहीत. म्हणाला, "कारखान्यानं दिलेला बूट चालत न्हाई तं दुसरा कुणाचाच नको."

मैदानावरून आमची पहिली लढाई झाली ती कौसाबाईशी. कौसाबाई ही ऊसतोडीला येणारी, पाटोद्याकडची. नवरा लवकर गेला, गाडी आणि बैल ती स्वतः हाकायची. हंगाम अजून चालू होता आणि आम्ही सामना ठरवला होता. मैदानावर पोचलो तर तिनं बैल गोलपोस्टला बांधलेले. मी म्हणालो, "बाई, हा खांब खेळायचा हाय, बैल सोडा."

ती वैरण टाकता टाकता मान वर न करता म्हणाली, "खांब रोवलाय तं बांधायला, न्हाई तं कावून रोवला?"

मी समजावायला गेलो. तिनं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुमी लोक दिवसभर उभ्यानं काम करता. सुटल्यावर पुन्हा पळायला येता. घरचे काही बोलत न्हाईत का?"  शेवटी तोड निघाली. बैल मैदानाच्या पूर्व कडेला, सामना झाला की मैदान पुन्हा गाड्यांचं. त्या दिवशी आम्ही तेलगावच्या पोरांशी खेळलो. एक बैल मधेच सुटला आणि आमच्या गोलापुढे येऊन उभा राहिला. त्याच्या पोटाला लागून चेंडू बाहेर गेला. कौसाबाई पुढे कित्येक वर्षं सांगायची की त्या दिवशी गोल अप्पानं नाही, माझ्या ढवळ्यानं अडवला. खरंच होतं, त्यामुळे मी गप्प बसायचो. पुढे ती कारखान्याजवळच घर बांधून राहिली, आणि सामना असला की पूर्वेच्या कडेला बसून आम्हालाच शिव्या द्यायची.

आता तो बीडचा सामना सांगतो. तो सांगितल्याशिवाय आमचा इतिहास पुरा होत नाही, आणि आमच्या विरोधकांनी तो इतक्या वेळा सांगितला आहे की एकदा आमच्या तोंडूनही येऊ द्या.

बीडला एका स्पर्धेत आम्ही थेट फायनलला गेलो. कुणाला अपेक्षा नव्हती, आम्हालाही नाही. समोर शहरातला संघ, कॉलेजची पोरं, एकसारखे मोजे. आमचे मोजे ज्याच्या त्याच्या घरचे. मैदानाच्या शेजारी कापसाची सरकी काढणारं एक जिनिंग होतं, त्याचा आम्हाला पत्ता नव्हता. सामना बरोबरीत चाललेला, संपायला थोडाच वेळ, आणि चेंडू लिंबाजीच्या पायात. पुढे बब्बू एकटा मोकळा उभा. नुसता चेंडू द्यायचा होता. दिनकर मिस्त्री रेषेबाहेरून ओरडत होता, "दे की, दे की मर्दा!"

आणि जिनिंगचा भोंगा वाजला.

लिंबाजी थांबला. पाय चेंडूवर, हात खाली, मान भोंग्याच्या दिशेला. बब्बूनं खांदे सैल सोडले. आमच्या एकानं तर डोक्याला बांधलेला रुमाल सोडून तोंड पुसलं आणि बाहेर चालायला लागला. दहाच्या दहा माणसं थांबली. शहरातली पोरं आधी बुचकळ्यात पडली, मग त्यांच्यातल्या एकानं लिंबाजीच्या पायाखालून चेंडू हळूच काढून घेतला आणि सगळे मिळून माझ्याकडे आले.

मी थांबलो नव्हतो. मी सांगितलंच आहे, भोंग्यानं बॉयलरवाल्याची सुट्टी होत नाही. मी गोलात जागेवर होतो, पण एका माणसानं किती अडवायचं? पहिला फटका छातीवर घेतला. दुसरा आत गेला. सामना हरलो. प्रेक्षक पोट धरून हसत होते. "ए भोंगावाले!" कुणीतरी ओरडलं आणि तेच नाव पडलं.  परतीच्या ट्रकमध्ये लिंबाजी तोंड फिरवून रडला. मलाही रडू आलं होतं, पण मी राखेचा माणूस, डोळ्यात काही गेलं असं म्हणायची माझी सोय होती.

दुसऱ्या दिवशी दिनकर मिस्त्रीनं संघाला वर्कशॉपमागे बोलावलं. आम्हाला वाटलं, आता क्लब बंद. तो म्हणाला, "इमानदार माणसांनो, तुम्ही कामाला जागता म्हणून हरलासा. त्यात लाजायचं काय हाय? आता ती माणसं जे नाव ठेवत्यात, तेच नाव अंगावर घ्यायचं." रंगवाल्याकडून आमच्या बनियनच्या पाठीवर त्यानं लिहून घेतलं : भोंगा इलेव्हन. तोवर आमच्या क्लबाचं नाव चेअरमन बदलला की बदलायचं. त्या दिवसापासून बदललं नाही. पुढे जिथे जाऊ तिथे लोक भोंग्याचा आवाज काढायचे, मुद्दाम, आमचा चेंडू पुढे निघाला की. आम्ही थांबायचो नाही. पण खरा भोंगा वाजला की आजही लिंबाजीचा पाय अडतो, हे मी छातीठोक सांगतो.

दिनकर मिस्त्री निवृत्त होऊन कोल्हापूरला गेला आणि काही वर्षांनी वारला. त्याला एक कप हातात द्यायचा राहून गेला, याची हळहळ मला आहे आणि राहील.

कारखाना कसा बुडाला, यावर आमच्या भागात प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे. मी बॉयलरवाला, मला एवढंच ठाऊक की एका वर्षी बॉयलर पेटवायचा कार्यक्रम झालाच नाही. पुढल्या वर्षीही नाही. माझं निवृत्तीचं वय भट्टी थंड असतानाच आलं. त्या दिवशी मी सवयीनं बॉयलरपुढे जाऊन उभा राहिलो. काच कोरडी होती. 'घेतलं' म्हणायला कुणी आलं नाही. शेवटी वॉचमन म्हणाला, "अप्पा, गेट लावायचंय." मग निघालो. पस्तीस-छत्तीस वर्षं केलेली नोकरी कुणाच्याही हवाली न करता सोडली, याचा राग मला अजून येतो.

यंत्रं भंगारात गेली. गॅसकटरनं माझा बॉयलर कापताना बघायला मी गेलो नाही. बब्बू गेला होता. कारखाना बंद झाल्यावर त्यानं फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं होतं. संध्याकाळी तो माझ्या दारात आला तो पोत्यात काहीतरी जड घेऊन. पोतं उघडलं तर आमचा पितळी भोंगा. भंगारवाल्याशी हुज्जत घालून त्यानं तो वजनावर विकत आणला होता. "अप्पा, सगळ्यांचा गळा भंगारात चाललता. दुसरं काही उचलता आलं न्हाई, हे आणलं." मी चुलीतली राख आणली आणि आम्ही दोघं ते पितळ घासत बसलो.

खेळ मात्र थांबला नव्हता. कारखाना बंद, पण मैदान चालू. कामगारांची पोरं, मग नातवंडं, आता पोरीही खेळतात. पाठीवर अजून भोंगा इलेव्हनच लिहिलेलं असतं. तेव्हा त्यांना विचारलं असतं की भोंगा म्हणजे काय, तर अर्ध्यांना मोबाइलवर शोधावं लागलं असतं.

मग बँकेनं लिलाव केला आणि कारखान्याची जागा एका कंपनीनं घेतली. त्यांना गोदाम बांधायचं होतं. कारखान्याच्या जागेवर बांधा, आमचं काय जातंय? पण त्यांनी मैदानही त्यातच धरलं. गावाचं म्हणणं, गाडीतळ मुळात गायरानातला, म्हणजे गावाचा. कंपनीचं म्हणणं, कारखान्याच्या गट नंबरातला. सरकारी मोजणी व्हायची होती. अर्ज दिला, तारीख पडली, पुढची पडली. आमच्याकडे कागद नव्हता, हे मी उघड सांगतो. कोण कागद करून ठेवतो खेळायच्या जागेचा? आमच्याकडे राख होती. हवं तिथे फूटभर खणून बघा, काळ्या मातीत भुरी राख लागेल. ती दुसऱ्या कुणी आणून टाकली असेल तर त्यानं पुढे यावं.

मोजणीची वाट न बघता एका दुपारी कंपनीनं कुंपणाचं काम काढलं. ठेकेदाराची माणसं सिमेंटचे खांब रोवायला लागली. मी पोचलो तेव्हा दक्षिणेची बाजू जवळजवळ झाली होती. पोरंपोरी कडेला चेंडू धरून उभी. आणि पहार मारणारी माणसं कोण, तर आमचीच. कारखाना गेल्यावर मिळेल ते काम करणारी. त्यांच्यात लिंबाजी. साठी उलटलेली, तरी पहार तशीच उचलत होता.

मी म्हणालो, "लिंबाजी, हे काय करायलास बे?"

त्यानं वर बघितलं नाही. "पोट हाय अप्पा. मी न्हाई मारली तं दुसरा मारील पहार."

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. कंपनीचा एक तरुण साहेब तिथे होता, माणूस वाईट नव्हता, उन्हात उभा राहून कंटाळलेला. त्याला मोजणीचं सांगितलं. तो म्हणाला, वरून आदेश आहे, पाचच्या आत ही बाजू पुरी करायची. पाच म्हटल्यावर माझं डोकं चाललं. मी बब्बूच्या दुकानाकडे निघालो.

भोंगा वाफेवर वाजतो, पण त्याला काय, दाब पाहिजे. बब्बूकडे टायरमध्ये हवा भरायचा मोठा कॉम्प्रेसर होता. आम्ही भोंगा त्याला जोडला, गाड्यावर घातला आणि मैदानाच्या पूर्व कडेला आणून उभा केला, कौसाबाईच्या जागेवर. कौसाबाई आता काठी टेकत चालते, पण तिथे होतीच. पाच वाजता मी चावी फिरवली.

इतकी वर्षं गेली होती, तरी आवाज तोच. हवा एका दमापुरतीच होती, पण पुरली. दक्षिणेच्या कडेला लिंबाजीची पहार हवेत थांबली आणि मग हळूच जमिनीवर आली. त्याच्या शेजारच्याची आली. एकामागून एक सगळ्यांनी अवजारं खाली ठेवली, कुणी सांगितल्याशिवाय, आणि भोंग्याच्या दिशेला मान करून उभे राहिले. बीडच्या मैदानावर उभे होते अगदी तसेच. लिंबाजीनं माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागला. हसता हसता खालीच बसला. "जनरल शिफ्ट सुटली," तो साहेबाला म्हणाला. "आता काम होत न्हाई."

ठेकेदार आरडाओरडा करत होता. कुणी पहार उचलली नाही. तेवढ्यात गावातून माणसं यायला लागली, बायका, म्हातारे, भोंगा ऐकून. काही जणांना वाटलं कारखाना सुरू झाला. एका म्हातारीनं मला विचारलं, मोळी टाकली का? गव्हाणीत पहिली मोळी पडली की हंगाम सुरू होतो, ते ती विचारत होती. गोंधळात कौसाबाई आपली म्हैस घेऊन सरळ नव्या खांबाकडे गेली आणि दावं बांधलं. साहेब म्हणाला, "अहो आजी, हा खांब कंपनीचा आहे." ती वळून म्हणाली, "खांब रोवलाय तं बांधायला, न्हाई तं कावून रोवला?" मी कित्येक वर्षांनी ते वाक्य ऐकलं आणि या वेळी मला ते पटलं.

साहेब मग माझ्याकडे आला. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "काका, कारखाना बंद झाला, तुम्ही रिटायर झालात. तुमचा आता या जागेशी काय संबंध? आम्ही घेतलीय ही जागा."

मी म्हणालो, "माझा रिलीव्हर आला न्हाई साहेब अजून."

त्याला कळलं नाही. मग मी त्याला काच, पाणी आणि तो शब्द समजावून सांगितला. तो ऐकत होता. शेवटी थकून म्हणाला, "बरं, मी म्हणतो, घेतलं. झालं? आता जा घरी."

"दारातूनच 'घेतलं' म्हणत आला त्यालाबी मी मानलं न्हाई," मी म्हणालो. "आधी बघावं लागतं. बघा."

आणि मी मैदानाकडे हात केला. भोंग्यानं मोठी माणसं थांबली होती. पण पोरापोरींना त्या आवाजाची सवय कुठे? त्यांना वाटलं, खेळ सुरू करायचा इशारा आहे. त्यांनी चेंडू मधे ठेवला आणि खेळायला लागली, खांबांच्या मधून, म्हशीला वळसा घालून. राख उडत होती. साहेब बघत उभा राहिला. 'घेतलं' काही पुन्हा म्हणाला नाही.

मोजणी अजून व्हायची आहे. दक्षिणेचे खांब तसेच अर्धवट उभे आहेत, त्यांना आता म्हशी आणि शेरडं बांधलेली असतात. निकाल काय लागायचा तो लागो, आमची बाजू मी लिहून टाकली. एक मात्र बदललं आहे. आमच्या वेळी पाचचा भोंगा वाजला की हात थांबायचे. आता वाजला की पाय सुरू होतात. रोज मी कॉम्प्रेसर भरतो, भोंगा वाजवतो आणि गोलाच्या मागे जाऊन उभा राहतो. हुंदडणारी पोरं मला कधी कधी 'गव्हाण' म्हणतात, तेही कुणीतरी त्यांना शिकवलं आहे. कंपनीनं यावं, तहसीलनं यावं, ज्याला यायचं त्यानं यावं. बघून घ्यावं. तोवर मी शिफ्टवर आहे, आणि हे मैदान अजून कुणी घेतलेलं नाही.